काशी कासारीण आणि बिनबांगड्यांची वाडी

नाही गो कमळे, गोदूबाई ती वेगळी, ती तांदूळवाली. मी सांगते ती काशी. काशी कासारीण, पावसची. गोदूबाई पुसून टाक नि काशी लिही. आणि नीट पहिल्यापासून लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारी अर्ध्यातूनच सुरू झाली.

तर काशी. उंच, हडकुळी, नि चालायची अशी की पायाखालचा कातळ तापलाय. दर पंधरा दिवसांनी पावसहून निघायची, डोक्यावर हारा, हाऱ्यात गवतात गुंडाळलेल्या बांगड्या, खांद्यावर बांगड्यांच्या माळा. ती वर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, असतानाच आमच्याकडे किणकिण ऐकू यायची आणि बायका हात धुवायला पळायच्या. माशाच्या खवल्यांचे हात तिला चालायचे नाहीत. हात हातात घेतला की न बघता माप सांगायची. मग दाबत, बोटं गोळा करत, बोलत बोलत बांगडी अशी चढवायची की चढली ते पोरीला कळायचं नाही. बोलायची खूप, पण एका घरातलं दुसऱ्या घरात कधी सांगितलंन नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणायची, आज बांगड्यांचा हारा आणलाय, चुगल्यांचा घरी राहिला.

तिच्या स्वतःच्या हातात दोन-दोन हिरव्या बांगड्या असायच्या. नवरा गलबतावर खलाशी होता, मंगळुरी कौलं आणायला गेला तो आला नाही. गलबतही आलं नाही. लोक म्हणाले, आता बांगड्या उतरव. ही म्हणाली, मढं दाखवा, उतरवते. वीस वर्षं झाली, मढं काही कोणाला दाखवता आलं नाही. काही बायका हिच्या हातून चुडा भरून घ्यायला कचरायच्या. पण हिच्यासारखं माप कोणाला कळत नव्हतं, म्हणून कचरत कचरत हिच्याकडूनच भरायच्या.

आता आमचं गाव. दोन वाड्या, वरची नि खालची, मध्ये पऱ्या. पावसाळ्यात त्याला पाणी, एरवी नुसते गोटे. आम्ही वरच्या वाडीतले, माझा बाबा भिकाजी. खालच्या वाडीत भागोजी, भातशेती चांगली नि आंब्याची तीस कलमं. त्याचा मुलगा लवू मुंबईला गोदीत होता. हो, तोच लवू, तुझा आजोबा. हसू नको, लिही.

लवूचं नि माझं काशीनेच जुळवलंन. भागोजीची बायको सोनूबाई, माझी सासू व्हायची ती, तिचे हात भरताना काशी म्हणाली, वरच्या वाडीत भिकाजीच्या मथुरेचा हात अगदी तुझ्या मापाचा आहे, तुझ्या पाटल्या तिला बसतील. झालं, तेवढ्यावर साखरपुडा झाला. मुहूर्त धरला वैशाखातला शेवटचा. त्या साली पुढे सिंहस्थ लागणार होता, म्हणजे वर्षभर लग्नं बंद. तो मुहूर्त चुकला तर वर्ष गेलं, आणि वर्षभरात मुंबईच्या मुलाला दुसरी मुलगी सांगून यायला कितीसा वेळ. मला पंधरावं होतं आणि लवू मला पसंत होता. शिमग्याला आला तेव्हा पालखीच्या गर्दीत त्याने मला बघून न बघितल्यासारखं केलंन. तीनदा केलंन. मला तेवढं पुरे होतं.

आणि मध्येच ही निवडणूक आली, जिल्ह्याच्या बोर्डाची. एक रत्नागिरीतले वकील उभे होते, दुसरे तिथलेच कोणी पेढीवाले. दोघांना आमच्या गावात कोणी बघितलं नव्हतं, नि त्यांनीही आमचं गाव बघितलं नव्हतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यासाठी पावसच्या चावडीत दोन पेट्या ठेवायच्या होत्या. वकिलांची पिवळी, पेढीवाल्यांची हिरवी. चिठ्ठी आपल्याला पाहिजे त्या पेटीत टाकायची. पण मत काही सगळ्यांना नव्हतं. सरकारात अमुक इतका शेतसारा भरतो त्यालाच. आमच्या गावात घरं साठ, माणसं चारशे आणि मतं चार. खाली भागोजी नि त्याचा चुलतभाऊ, वर माझा बाबा नि शेजारचा शिवाकाका.

भागोजीने त्या वकिलांकडून कधीतरी कोणाच्या तरी हाती फुकटात सल्ला मागवलान होता, म्हणून तो पिवळ्या पेटीचा. भागोजी पिवळा, म्हणून माझा बाबा हिरवा. दुसरं कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही. हे असे, म्हणून सगळी खालची वाडी पिवळी नि सगळी वरची वाडी हिरवी. मत चौघांना, वैर चारशेंना. आणि ज्याला मत नाही त्याचाच राग जास्त. मतवाल्याला निदान एक दिवस तो पेटीत टाकून मोकळं होता येतं, बाकीच्यांनी ठेवायचा कुठे?

आधी खालच्या वाडीने बैलांची शिंगं हळदीने रंगवलीनी. ते बघून बाबा घरी आला नि म्हणाला, आजपासून आपल्या घरात हळद नको. आईने विचारलंन, मग माशाला काय लावू? बाबा म्हणाला, मीठ लाव. वरच्या वाडीत घरोघर तेच. आमटीत हळद नाही, लोणच्यात नाही, तारलीचं कालवण पांढरं, आजारी माणसासारखं. मग खालच्या वाडीने हिरवं सोडलंनी. हिरवी मिरची नको, अळू नको, शेवग्याचा पाला नको. केळीचं पान जेवायला घ्यायचं तर ते पिवळं पडेपर्यंत थांबायचे, आणि पिवळं पान फाटतं, आमटी मांडीवर. पऱ्याच्या काठाला एक सामाईक रायवळ आंबा होता. चैत्रात तो कच्चा, हिरवा, म्हणून वरच्या वाडीचा. खालची माणसं त्याच्याकडे बघून थुंकायची. वैशाखात तो पिकायला लागला तेव्हा खालचे म्हणाले, आता आमचा. वरचे म्हणाले, फितूर झाला मेला. दोन्हीकडून त्याला दगड. खाली पडलेले आंबे मात्र कोणी बघत नाही असं बघून दोन्हीकडचे उचलायचे.

त्यातच आमच्या शिवाकाकाला कावीळ झाली. डोळे पिवळे, नखं पिवळी. बाबा त्याच्याकडे गेला तो दाराबाहेरच उभा राहिला नि विचारलंन, "शिवा, खरं सांग, हे कधीपासून चाललंय?" बिचाऱ्याने देवाची शपथ घेतलीन की मी आतून हिरवाच आहे.

काशी तेवढी दोन्हीकडे हिंडायची. खालचे तिला पऱ्यावर अडवून विचारायचे, हाऱ्यात हिरवं आहे का? ती म्हणायची, हिरवं नसेल तर मी कासारीण कसली, मडकी विकायला बसेन. वर आली की इकडचे विचारायचे, पिवळं लपवून आणलं नाहीस ना? ती हारा उतरवायची नि म्हणायची, हुडका, एक फुटली की दहा घ्यावी लागतील.

मतांना आठ दिवस राहिले तेव्हा आमच्या वाडीतल्या पोरांना एक सुचलं. पऱ्याच्या या अंगाला उभं राहून ओरडायला लागले की तुमच्या बायका आमच्या पक्षाच्या, बघा त्यांचे हात. खरंच की. पिवळ्या वाडीत घरोघर हिरवा चुडा. भागोजीला ते फार झोंबलं. त्याने वाडी गोळा केलीन नि ठराव केलान की बायकांनी हिरव्या बांगड्या उतरवायच्या नि पिवळ्या घालायच्या. पिवळ्या कुठे मिळणार? त्या मुंबईहून मागवायच्या, येईपर्यंत हात तसेच. आणि आमच्याकडे निरोप पाठवलान की सून आली तर पिवळ्या चुड्याने येईल, हिरव्याने माझा उंबरा चढणार नाही. बाबाने उलटा निरोप पाठवलान की तुझ्या घरची उष्टी हळद माझा उंबरा चढणार नाही. आता तूच बघ. नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात, त्याशिवाय लग्न नाही. हिरव्या चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर जात नाही. एकाला हळद नको, दुसऱ्याला चुडा नको, मग राहिला नुसता मांडव. मी गोठ्यामागे जाऊन रडायची. आई म्हणायची, रडू नको, मतं झाली की निवळतील. पण मतं ज्या दिवशी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुहूर्त. निवळायला वेळ कुठे होता?

भागोजीने काशीला बोलावून घेतलंन. हे मला सासूबाईंनी पुढे सांगितलंन, त्या तिथेच पडवीत उभ्या होत्या.

"काशी, वाडीतल्या बायकांच्या बांगड्या उतरव," भागोजी म्हणाला. "न फोडता."

"मला उतरवायला एकदाच बोलावतात, भागोजीदादा," काशी म्हणाली, "नि त्या दिवशी घरात मढं असतं. मढं कुठे आहे?"

"मढं कशाला पाहिजे? मी सांगतो ना."

"तू सांगतोस. तुझ्याच बायकोच्या. बरं. मग जरा आडवा हो."

भागोजी काही आडवा झाला नाही. काशीने हारा उचललान नि निघून गेली. पण ठराव तो ठराव. दोन दिवसांनी बायकांनी आपणच साबण लावून बांगड्या उतरवल्यानी. कोणी रडत, कोणी नवऱ्याला शिव्या देत. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही आपल्या तोंडाने सांगताय, पुढे काही झालं तर माझ्याकडे बघू नका.

आणि झालंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसचा टपालवाला खालच्या वाडीवरून चालला होता. विहिरीवर अठरा बायका, अठरांचे हात मोकळे, कोणी कोणाशी बोलत नाही. बोलणार कशा, सगळ्या धुमसत होत्या. आपल्याकडे रीत आहे ना, बाईचा हात नवा मोकळा दिसला तर काय झालं म्हणून विचारायचं नाही. मान खाली घालायची, पाणी न मागता पुढे जायचं. टपालवाला चांगल्या घरचा. त्याने मान खाली घातलीन ती पावस गाठल्यावरच वर केलीन, नि सांगितलंन, खालची वाडी गेली, अठरा पुरुष गेले. कोणी म्हणे पटकी, कोणी म्हणे होडी उलटली. ज्याला जे सुचलं ते.

भागोजीचा मेहुणा पावसला राहायचा. त्याने आधी रत्नागिरीला माणूस धाडून लवूला मुंबईला तार केलीन, बाप गेला, निघून ये. मग पन्नास माणसं गोळा केलीन नि दुसऱ्या दिवशी खालच्या वाडीत दुखवट्याला आला. तेव्हा ओहोटी होती, बायका खाडीवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेलेल्या, पुरुष कलमांवर आंबे उतरवायला. वाडीत चिटपाखरू नाही. यांना वाटलं, सगळी स्मशानात गेली असणार. बसले भागोजीच्या खळ्यात नि लागले रडायला.

भागोजी दुपारी आंब्याची टोपली घेऊन घरी येतो तर खळं भरून माणसं रडताहेत. रडणाऱ्याला कोण गेलं म्हणून विचारायचं नसतं, ती पण रीतच. त्याने टोपली ठेवलीन, मुंडासं काढलंन, कडेला बसला नि तोही रडायला लागला. बसला तो नेमका मेहुण्याच्या शेजारी. मेहुणा डोळे मिटून म्हणतो, हट्टी होता, पण मनाचा चांगला होता. भागोजी म्हणतो, होता खरा. मेहुणा म्हणतो, त्या निवडणुकीने घेतलं त्याला. तेव्हा भागोजीने विचारलंन, "पिवळ्याचा होता की हिरव्याचा?"

मेहुण्याने आवाज ओळखलान नि डोळे उघडलेन. मग जी पळापळ झाली ती काही विचारू नको. पाच जण दगडी गडग्यावरून उड्या मारून गेले ते पावसपर्यंत थांबले नाहीत.

तो रडण्याचा आवाज वर आमच्या घरी आला होता. कोणीतरी येऊन सांगितलंन की भागोजी गेला. बाबा पडवीत दोरी वळत बसला होता. त्याने दोरी खाली ठेवलीन, खांबाला डोकं टेकलंन नि रडला. मी बाबाला रडताना त्याच्या आधी कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, आता मी भांडू कोणाशी. मग आईला म्हणाला, दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, भात-आमटी कर. आईने केलीन. तो मोठा टोप बाबाने स्वतःच्या डोक्यावर घेतलान नि महिन्यात पहिल्यांदा पऱ्या उतरला. मी मागून पाण्याची कळशी घेऊन.

खळ्यात भागोजी उभा. धडधाकट. मेहुण्याला शिव्या देतोय.

"मेला नाहीस?" बाबाने विचारलंन.

"नाही."

"मग हे रडणं कसलं?"

"मला काय विचारतोस? मी पण रडलो."

बाबाचा चेहरा असा लाल झाला. इतका राग मी त्या सबंध निवडणुकीत बघितला नव्हता. "माझा टोप परत दे," म्हणाला.

"तुझ्याच डोक्यावर आहे," भागोजी म्हणाला.

पण जी माणसं पळाली नव्हती ती सकाळपासून उपाशी होती. त्यांनी टोप उतरवून घेतलानी. झाकण काढतात तर आमटी पांढरी. बिनहळदीची. बिनहळदीची आमटी कधी करतात ते काय सांगायला पाहिजे? सुतकात. मेहुण्याने हळूच बाबाला विचारलंन, तुमच्याकडेही? कधीपासून? बाबा तिरसटपणे म्हणाला, महिना झाला. झालं. संध्याकाळी पावसच्या बाजारात बोलणं होतं की खालची वाडी सगळी गेली, त्यातले काही हिंडताहेत, आणि वरची वाडी तर महिन्यापूर्वीच गेली, कोणी कळवलं सुद्धा नाही.

मतांचा दिवस आला. सकाळीच चौघे पावसला निघाले, पिवळे दोघे पाणंदीच्या एका कडेने, हिरवे दोघे दुसऱ्या. शिवाकाकाला उन्हात चक्कर येत होती, पण निघाला. मला मतांशी काही कर्तव्य नव्हतं. उद्याचा मुहूर्त, नि अजून दोघांचं नाही ते नाहीच. आईला म्हटलं, मी पण जाते, काशीला भेटते. माझ्यासाठी दुसरं कोण बोलणार होतं?

काशी चावडीसमोरच बाजारात हारा मांडून बसली होती. मी तिच्याजवळ बसले. समोर चावडीत टेबल, टेबलामागे सरकारी कारकून, डोळ्याला चष्मा, दोन बाजूंना दोन पेट्या. भागोजीने नाव सांगितलंन. कारकुनाने यादी बघितलीन नि म्हणाला, मयत. त्याच्या चुलतभावाने सांगितलंन. मयत. बाबाने सांगितलंन. मयत. शिवाकाकाकडे त्याने जरा वेळ बघितलंन नि म्हणाला, हे तर दिसतंच आहे.

भागोजी म्हणाला, "रावसाहेब, मी उभा आहे की समोर."

"उभे आहात ते दिसतंय. यादीत नाही आहात," कारकून म्हणाला. वर खबर गेलेली, त्यावर शिक्का झालेला. मग तो म्हणाला, एक करता येईल. तुम्ही तेच आहात असं दुसऱ्या पेटीच्या माणसाने सांगायला पाहिजे. आपल्याच बाजूचे लोक काय, कोणालाही जिता म्हणतील.

भागोजीने बाबाकडे बघितलंन. बाबाने आढ्याकडे. कारकून म्हणाला, बोला, हे भागोजी आहेत का? बाबा म्हणाला, "मी ह्याच्यासाठी एकदा रडलोय. आता जिता म्हटलं तर ते फुकट गेलं." भागोजी म्हणाला, मग मी पण ह्याला ओळखत नाही. आणि दोघेही बसले पायरीवर, मेलेले.

तेवढ्यात लवू आला. मुंबईच्या बोटीने रत्नागिरीला उतरून तिथून चालत. डोकं तुळतुळीत, मिशी काढलेली, डोळे सुजलेले. बाप पायरीवर बसून विडी ओढतोय हे बघितलंन नि जागच्या जागी उभा राहिला. कारकुनाने विचारलंन, हा कोण? कोणीतरी म्हणालं, भागोजीचा मुलगा. कशासाठी आलास? लवूच्या तोंडून गेलं, बापाच्या दिवसांना. कारकून म्हणाला, बघा, घरचा माणूसच सांगतोय.

तेव्हा काशी उठली. मला म्हणाली, हाऱ्याकडे बघ, नि चावडीची पायरी चढली. कारकुनाने विचारलंन, तू कोणत्या पेटीची? ती म्हणाली, मी कासारीण, माझ्या हाऱ्यात सगळे रंग आहेत. पण त्या दोन वाड्यांत कोण जितं नि कोण गेलं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, कारण बायकांचे हात माझ्याकडे. कारकून कंटाळला होता. म्हणाला, बरं, तू सांग, तुझं लिहून घेतो. हा जिता का?

भागोजी आशेने उभा राहिला.

"मी खोटं कसं सांगू?" काशी म्हणाली. "ह्याच्या बायकोचे हात मोकळे आहेत. आणि ह्या भिकाजीच्या घरात महिनाभर बिनहळदीचं शिजतंय. तुमची यादी बरोबर आहे, रावसाहेब. सोनूबाईने हिरवा चुडा भरला तर हा जिता. भिकाजीच्या घरात हळद लागली तर तो जिता. तोवर मी नाही म्हणणार."

कारकून म्हणाला, पाच वाजता पेट्या बंद होतील, तोवर काय ते करा.

दोघेही ढिम्म. भागोजी म्हणाला, पिवळ्या पेटीसाठी हिरवा चुडा? लोक काय म्हणतील? मग काशी त्याच्या अगदी समोर गेली. आवाज चढवलान नाही तिने. मी हाऱ्याजवळ होते तरी मला ऐकू आलं, कारण बाजार गप्प झाला होता.

"वीस वर्षं लोक मला सांगताहेत की तुझा माणूस गेला, बांगड्या काढ. मी काढल्या नाहीत. तुझ्या बायकोचा माणूस जिता आहे, समोर विडी ओढतोय, आणि तिला काढायला लावल्यास. कुणासाठी रे? त्या वकिलाने तुझं तोंड तरी बघितलंय का?"

लवू म्हणाला, "बाबा, मी मिशी काढली." एवढंच म्हणाला. भागोजीने त्याच्या डोक्याकडे बघितलंन, वरून खाली, परत वर. मग विडी टाकलीन नि घराकडे चालायला लागला. काशीने हारा उचललान. तिच्या मागे लवू, त्याच्या मागे मी, मग बाकीचे दोघे मतवाले, नि मागे लांबून बाबा, आपण यांच्यातले नाही अशा चालीने.

सासूबाईंनी काशीला खळ्यात बघितलंन नि हात पुढे केलेन. काशीने चुडा भरलान. वाडीतल्या बाकीच्या सतरा जणी धुतलेले हात घेऊन रांगेला. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मग लवूला पाटावर बसवलंनी नि हळद लावलीनी, त्या तुळतुळीत डोक्यापासून. उरलेली वाटीत घालून काशी पऱ्या चढून आमच्याकडे आली. बाबा उंबऱ्यात उभा, दोन्ही हात चौकटीला.

काशी म्हणाली, "आत येऊ, की यादी बरोबर म्हणू?"

बाबा जरासा सरकला. जरासाच, पण काशी हडकुळी, तेवढ्यातून आत आली. आईने वाटीतली चिमूटभर आधी चुलीवरच्या आमटीत टाकलीन, मग माझ्या गालाला लावलीन. नंतर काशीने माझा हात धरलान. त्या दिवशी तिने हात दाबला तसा परत कोणी दाबला नाही. हिरवा चुडा, दोन्ही हातांत अकरा-अकरा, एकही फुटली नाही.

मग चौघे धावले पावसला, काशीला पुढे घालून. चावडीला कुलूप. कारकून पेट्या गाडीत घालून रत्नागिरीला गेलेला. चावडीसमोर उभे राहून त्या चौघांनी त्याला ज्या शिव्या दिल्यानी, त्या मात्र एका सुरात. येताना पाणंदीच्या एकाच कडेने आले, कारण एकाच वेळी बोलत होते. मत टाकता आलं असतं तर कोण जिंकलं असतं, त्यावर परत भांडले. दोन मतं इकडे, दोन तिकडे, टाकली असती तरी काय फरक पडणार होता, हे मला लग्नानंतर लवूने बोटांवर मोजून दाखवलंन. मी बाबाला सांगितलं नाही. कोण निवडून आलं ते अजून मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तुझ्या आजोबाच्या गुळगुळीत डोक्यावर मुंडावळ्या काही टिकेनात, सारख्या नाकावर यायच्या, नि भागोजी, म्हणजे आता माझे सासरे, त्या मागून धरून उभे होते. सरकारी कागदात ते पुढे कितीतरी वर्षं मयतच राहिले. सारा मात्र त्यांच्याच नावाने वसूल व्हायचा.

दोन्ही वाड्या नंतर एकमेकींवर रुसल्या नाहीत असं नाही. पुढच्या निवडणुकीला परत तेच, फक्त पेट्यांचे रंग वेगळे. पण बायकांच्या हाताला कोणी शिवलं नाही. काशी आणखी बारा-तेरा वर्षं यायची. माझ्या तिन्ही बाळंतपणांनंतर तिनेच हात भरलेन, नि दर वेळी म्हणायची, मथुरे, माप वाढलं हो. शेवटी गुडघे गेले तिचे, तरी बाजारात बसायची. गेली ती हातातल्या बांगड्यांसकट गेली. तेव्हा उतरवायला कोणी पुढे आलं नाही.

संपलं. आता खाली लिही. वाचणाऱ्या बाबा किंवा बाय, तू कोण ते मला ठाऊक नाही. पण पावसकडे जाणं झालं तर तिथे बाजारात काशीच्या भाचीची सून गंगा बांगड्यांचा हारा मांडून बसते, वडाच्या अंगाला. तिला सांग, मथुरा म्हातारीने निरोप दिलाय, आमच्या नातसुनेचं डोहाळजेवण आहे येत्या बुधवारी. तिने सकाळीच निघावं, उन्हाच्या आधी, आणि घरून जेवून येऊ नये.